हाक आमच्याकडे, येणं तुमच्याकडे

फैजपूरच्या सावदा रस्त्यावरील नव्या बंगल्याचे मालक श्री. जीवराम तोताराम बोंडे यांना एक घंटी हवी होती. एवढीच गोष्ट होती. पुढे जे काही झालं ते रीतसर, टप्प्याटप्प्याने आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने झालं, त्यामुळे त्याबद्दल कुणा एकाला दोष देता येणार नाही.

घंटी हवी होती ती मायसाठी. जुन्या धाब्याच्या घरात धुरपदाबाईंची खाट दारातच असे आणि त्यांनी नुसतं खाकरलं तरी गल्लीतून जाणारी बैलगाडी थांबे. पुढे केळीला दिल्लीचा भाव लागला आणि बंगला झाला. बंगल्याला दिवाणखाना आला, दिवाणखान्यात सोफा आला, आणि सोफ्यासमोर खाट शोभत नाही ही गोष्ट कुणी न बोलताच ठरून गेली. धुरपदाबाई मागच्या खोलीत गेल्या. खोली चांगली होती. मोरी लागून होती, खिडकीतून केळीचा बाग दिसे. फक्त तिथून मारलेली हाक पुढे पोचत नसे, कारण भिंती पक्क्या होत्या आणि पक्क्या भिंतींसाठीच तर बंगला बांधला होता.

धुरपदाबाईंचे गुडघे गेले होते; उठायला कुणाचा तरी हात लागे. एका दुपारी त्या पाण्यासाठी हाका मारून मारून थकल्या आणि तशाच कोरड्या घशाने झोपी गेल्या. हे जीवरामभाऊंना संध्याकाळी कळलं तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मायवर त्यांचा जीव होता, खोटं कशाला बोला.

"माय, तुले घंटी बसवून देतो," ते म्हणाले. "बटन दाबलं का मी हजर."

"घंटी कायले रे? मी हाक मारली का कोनी तरी यावं, एवढंच पायजे मले."

"त्याच्यासाठीच तं घंटी, माय."

म्हणून जीवरामभाऊ जळगावला गेले. एकोणीसशे ब्याण्णवचा वैशाख चालू होता. नव्या पेठेत एका जिन्यावर पाटी होती: 'स्वयंचल गृहयोजना. ग्राहकाच्या पातळीनुसार.' वर अभिमन सोनवणे नावाचे गृहस्थ बसले होते. त्यांनी धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली होती आणि गळ्यात टाय बांधला होता. वैशाखातल्या जळगावात टाय बांधून बसणारा माणूस एकतर फार शिकलेला असतो किंवा विमा विकतो. विम्याची पाटी दिसेना, तेव्हा जीवरामभाऊंनी त्यांना साहेब म्हणायचं ठरवलं.

"साहेब, एक घंटी पाहिजे होती."

"घंटी?" सोनवणे साहेबांनी डोळे मिटले. "जीवरामभाऊ, घंटी ही गरज नाही. घंटी हे गरजेचं लक्षण आहे. ताप आला म्हणून डॉक्टर तुम्हाला थर्मामीटर देऊन घरी पाठवतो का?"

नाही पाठवत, हे जीवरामभाऊंना कबूल करावं लागलं.

"ग्राहकाला काय हवं हे ग्राहकाला कळत नसतं. ते कळायला आधी त्याची पातळी कळावी लागते. आमच्या योजनेत तीन पातळ्या आहेत. प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च." मग त्यांनी सविस्तर सांगितलं. प्राथमिकमध्ये साधी घंटी आणि पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा. माध्यमिकमध्ये गाणारी घंटी आणि आपोआप चालू होणारी मोटार. उच्चमध्ये हे सगळं तर आलंच, वर टाळी वाजवली की दिवा लागणार, सोफ्यावर बसल्या बसल्या फाटकाची कडी निघणार, लाईट गेली तरी बॅटरीवर घर जागं राहणार आणि लाईट आली की सगळी यंत्रं आपण होऊन पुन्हा कामाला लागणार.

"मला तर निव्वळ घंटीच पाहिजे," जीवरामभाऊ म्हणाले.

"म्हणजे प्राथमिक," सोनवणे म्हणाले. ते अगदी हळू म्हणाले, शेजारच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून जपून म्हणाले. जीवरामभाऊंची शाळा मॅट्रिकच्या अलीकडेच सुटली होती. प्राथमिक हा शब्द त्यांना फार वर्षांनी इतक्या जवळून ऐकू आला.

"आमच्या शालिग्रामनं कोणती घेतली?" त्यांनी विचारलं. शालिग्राम म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. दोघांच्या बंगल्यांना एकच कुंपण होतं आणि दोघांची मापं त्या कुंपणावरून रोज निघत.

"ग्राहकाची पातळी आम्ही गुप्त ठेवतो," सोनवणे गंभीरपणे म्हणाले. "एवढंच सांगतो, की त्यांची मोटार आपोआप चालू होते. आणि टाळी वाजवून त्यांचा दिवा लागत नाही."

"मग आम्हाला उच्च द्या," जीवरामभाऊ म्हणाले.

इथे कुणी जीवरामभाऊंना हसू नये. प्राथमिक पातळीचा एकही ग्राहक साऱ्या पूर्व खानदेशात निघाला नाही, यावरून या भागाची प्रगती ध्यानात यावी. शिवाय 'आपोआप' या शब्दावर केळीवाल्याची श्रद्धा जुनी आहे. शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीला त्याने ऑटो बसवलेला असतो. लाईट कधी येईल ते लाईटलाही माहीत नसतं. पण ती आली की मोटार आपली आपण चालू होते, बागेला पाणी सुटतं आणि मालक घरी निवांत असतो. जे केळीला चालतं ते मायला का चालू नये, असा हा सरळ हिशेब होता.

काम सुरू करण्याआधी सोनवणे 'गरज-निश्चिती'साठी फैजपूरला आले. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी समोर बसवून विचारलं. जीवरामभाऊंच्या मंडळी कुंदाबाई म्हणाल्या की, स्वयंपाकघरात धूर कोंडतो, एक खिडकी पाडून दिली तर बरं होईल. सोनवणेंनी समजावलं की खिडकी हे यंत्र नसल्यामुळे तिची गरज धरता येत नाही. मग ते मागच्या खोलीत गेले.

"आजी, तुमची गरज सांगा."

"मी हाक मारली का कोनी तरी यावं."

सोनवणेंनी थोडा विचार केला. "यात दोन गोष्टी आहेत, आजी. हाक आणि येणं. हाक ही तांत्रिक बाब आहे. ती आमच्याकडे. येणं हे ग्राहकाकडे. ते योजनेत बसत नाही."

"मंग तुमची योजना मले काय कामाची, बाबा?"

"तुमची हाक साऱ्या घरात ऐकू जाईल. तीही चालीवर," सोनवणे म्हणाले, आणि बटण कुठे बसवायचं त्याची खूण भिंतीवर करून बाहेर आले.

आठवडाभरात घर स्वयंचल झालं. उद्घाटनाला शालिग्राम सहकुटुंब आला, जीवरामभाऊंनी टाळी वाजवली, दिवाणखान्याची ट्यूब लागली, आणि शालिग्रामच्या चेहऱ्यावर जो अंधार पसरला तो पाहून जीवरामभाऊंना सगळं वसूल झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाई कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायला बसल्या. पहिल्या थापेला दिवाणखान्याची ट्यूब लागली, दुसऱ्या थापेला विझली. भाकरी गोल होईपर्यंत दिवाणखान्यात नवरात्र चालू होतं. सोनवणेंना बोलावणं गेलं. त्यांनी परातीजवळ उभं राहून निरीक्षण केलं आणि सांगितलं की यंत्र निर्दोष आहे. टाळी आणि भाकरी यांत फरक करण्याचं शिक्षण त्याला दिलेलं नाही. उपाय साधा होता. उच्च पातळीच्या घरात भाकरीऐवजी पोळी करावी. पोळी लाटली जाते, ती वाजत नाही.

घरात भाकरी बंद झाली. पाठोपाठ वांग्याचं भरीत ठेचणं बंद झालं. जीवरामभाऊ तळहातावर तंबाखू मळून तिच्यावर दोन चापट्या मारत, की फाटकाची कडीही निघे. तारा कुठेतरी एकमेकींत गुंतल्या होत्या. मग ते तंबाखू नुसती चोळून, न झटकता, चुन्याच्या भुकटीसकट तोंडात टाकू लागले. गणपती आले तेव्हा आरतीला टाळ्या वाजवायच्या नाहीत असं ठरलं. पाहुणेमंडळी हात जोडून, आवाज न करता, 'सुखकर्ता' पुटपुटत उभी राहिली. देवाला काय वाटलं ते कळायला मार्ग नाही, पण ट्यूब अगदी स्थिर होती. योजनेला घराची सवय होईना, तेव्हा घराने योजनेची सवय करून घेतली, आणि हीच प्रगतीची रीत आहे असं सोनवणे म्हणाले.

राहिली घंटी. ती मात्र फार सुरेख वाजायची. मागच्या खोलीतलं बटण दाबून धरलं की दिवाणखान्यात एका भजनाची चाल सुरू होई आणि बटण सोडलं की थांबे. पहिल्या दिवशी जीवरामभाऊ अक्षरशः धावत गेले. धुरपदाबाईंना पाणी हवं होतं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं आणि मायच्या डोळ्यांतलं समाधान पाहून त्यांचे डोळे भरून आले.

पण उच्च पातळीत लाईट आली की सगळी यंत्रं आपण होऊन कामाला लागत, आणि घंटी हेही एक यंत्रच होतं. लाईट आली, की मोटार चालू होई, फाटकाची कडी निघे आणि घंटी भजन म्हणू लागे. फैजपूरची लाईट दिवसातून किती वेळा जाते-येते हे विचारणं सभ्यपणाचं नाही. प्रत्येक वेळी जीवरामभाऊ धावत मागच्या खोलीत जात, आणि प्रत्येक वेळी धुरपदाबाई खाटेवर जपमाळ ओढत बसलेल्या असत.

"काय रे, दम काबर लागला?"

"तू घंटी वाजाडली ना?"

"मी कायले वाजाडू? ते आपल्या मनानंच वाजते."

पुढे पुढे जीवरामभाऊ धावायच्या ऐवजी चालत जाऊ लागले. मग कुंदाबाईंना पाठवू लागले. मग कुंदाबाई स्वयंपाकघरातूनच विचारू लागल्या, "आत्याबाई, तुम्ही वाजवली का?" आणि भिंती पक्क्या असल्यामुळे उत्तर काही येत नसे. शेवटी सोनवणेंना पुन्हा बोलावलं.

"हा बिघाड नाही. ही यंत्राची तत्परता-चाचणी आहे," ते म्हणाले. "तुम्ही उगाच धावपळ करता. घंटी वाजली की लगेच उठू नये. थोडं थांबावं. आपोआप वाजली असेल तर आपोआप थांबेल."

"आणि आत्याबाईंनी वाजवली असली तर?" कुंदाबाईंनी विचारलं.

"तर त्या थांबवतील तेव्हाच थांबेल, वहिनी."

"म्हणजे थांबली की जायचं?"

"थांबली म्हणजे आपोआप होती ना. मग कशाला जायचं?"

कुंदाबाईंना वाटलं, यात कुठेतरी काहीतरी निसटतंय. पण त्या सातवी शिकलेल्या होत्या आणि समोरच्या माणसाच्या गळ्यात टाय होता. त्यांनी धूर झालेल्या स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवसापासून घंटी वाजली की घरातले सगळे हातातलं काम तसंच धरून, मान किंचित वाकडी करून, ती थांबायची वाट पाहत. ती थांबे. मग सगळे सुटकेचा श्वास टाकून आपापल्या कामाला लागत. धुरपदाबाईंनी वाजवलेली घंटीही थांबायचीच. म्हाताऱ्या अंगठ्यात जोर तो किती. पण दिवसातून दोनदा कुंदाबाई ताट घेऊन मागे जात, तेव्हा काय हवं-नको ते धुरपदाबाई सांगून टाकत, आणि घंटी थांबेपर्यंत कुणी उठायचं नसतं हे कुंदाबाईंनी सासूला सांगून ठेवलं होतं. कुणाचं काही अडत नव्हतं.

योजनेची कीर्ती वाढली. सोयरिकीच्या बोलण्यात मुलाचं शिक्षण आणि घराची पातळी एकाच दमात विचारली जाऊ लागली. सोनवणेंनी जीवरामभाऊंचा बंगला 'नमुना घर' म्हणून जाहीर केला. पाचोऱ्याचे, रावेरचे लोक येऊन टाळ्या वाजवून जात. जीवरामभाऊ सोफ्यावरून फाटक उघडून दाखवत आणि आपण केळी लावण्यात उगाच आयुष्य घालवलं असं त्यांना वाटू लागे.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी सोनवणे शिंदखेड्याचे एक बडे कास्तकार घेऊन आले, उखर्डू नाना. नानांना धुळ्यात बंगला बांधायचा होता. त्यांच्यासोबत त्यांचे दोन व्याही होते. त्यांनी सोफ्यावर बसून सगळं डोळे भरून पाहिलं.

"हाई बठ्ठं आपोआप व्हस?" नानांनी विचारलं.

"सगळं. माणसाला काही करावं लागत नाही."

"मंग घरना मानसे काय करतस?"

"ती बसतात, नाना," सोनवणे म्हणाले.

नानांना हे पटलं. तेवढ्यात घंटी वाजू लागली. भजनाची चाल पंख्याखाली घुमली. जीवरामभाऊंनी हात वर करून सगळ्यांना शांत राहायची खूण केली आणि अभिमानाने समजावलं, "लाईट आली की आपोआप वाजते. आपण उठायचं नाही. आता पाहा, आपोआप थांबते."

सगळे मान वाकडी करून ऐकू लागले. आज चाल जरा लांबली. एकदा संपून पुन्हा सुरू झाली, मध्येच अडखळली, पुन्हा सुरू झाली. सोनवणे खालच्या आवाजात म्हणाले की बॅटरी नवी आहे, दम चांगला आहे. कुंदाबाई चहाचा ट्रे धरून दारात उभ्याच राहिल्या. मग घंटी थांबली.

"थांबली!" जीवरामभाऊ म्हणाले.

व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्यूब लागली, विझली, लागली. चहा झाला. त्याच्यावर पान झालं. उखर्डू नाना मात्र सुपारी कातरता कातरता विचारात पडले होते. घेणारा माणूस दहा प्रश्न विचारणारच.

"लाईट उनी का घंटी वाजस, हाई समजनं," ते म्हणाले. "पन आते लाईट गयी कव्हय व्हती?"

सगळ्यांनी वर पाहिलं. बॅटरीला न जोडलेला डोक्यावरचा पंखा निवांत फिरत होता. ते आल्यापासून तो एकदाही थांबला नव्हता.

 जीवरामभाऊ उठले, सोफ्याला अडखळले आणि मागच्या खोलीकडे पळाले. इतकं ते त्या पहिल्या दिवसांनंतर कधी पळाले नव्हते. धुरपदाबाई भिंतीशी पडल्या होत्या. एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. मोरीच्या उंबऱ्याशी पडून, तिथून सरपटत भिंतीपर्यंत येऊन त्यांनी बटण गाठलं होतं. हात अजून भिंतीला टेकलेला होता.

"माय! अवो माय! वाजवत का नही राह्यली तू? थांबवली कायले?"

धुरपदाबाईंनी डोळे उघडले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून तो आवाज जीवरामभाऊंना जन्मभर पुरला.

"ते थांबल्याबिगर तुम्ही उठत नही, भाऊ. म्हनून मंग मीच थांबवली."

खुब्याचं हाड मोडलं होतं. जळगावच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, धुरपदाबाई जगल्या, पण खाटेवरून उठणं संपलं. दरम्यान सोनवणेंनी स्वखर्चाने येऊन योजनेची तपासणी केली. वाजण्यात कोणताही दोष आढळला नाही. दोष येण्यात आढळला, आणि येणं ग्राहकाच्या कक्षेतलं असल्याने त्यांनी त्यावर मत दिलं नाही. उखर्डू नानांनी त्याच आठवड्यात उच्च पातळीची मागणी नोंदवली. "माले बी असंच बसाडी द्या," ते म्हणाले. घंटी बंगलाभर ऐकू येते याची त्यांनी स्वतःच्या कानांनी खात्री करून घेतली होती.

जीवरामभाऊंनी मात्र आपली खाट मायच्या खोलीत नेली. ते तिच्या उशाशी बसून राहू लागले. तिने हाक मारायच्या आधीच त्यांचा हात पाण्याच्या तांब्याकडे जाई. घंटीचं बटण त्यांनी चिकटपट्टी लावून बंद केलं होतं. कुंदाबाईंनी पुन्हा भाकऱ्या थापायला घेतल्या, ट्यूब हवी तेवढी लागली आणि विझली, आणि पोळी खाऊन कंटाळलेल्या धुरपदाबाईंनी कळण्याची भाकरी चवीने खाल्ली. ते दिवस त्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते.

पण गावाला डोळे असतात. एवढा बंगला, एवढी योजना, आणि मालक म्हातारीच्या खाटेशी बसलेला! शालिग्राम कुंपणावरून म्हणाला, "काय भाऊ, बंद पडलं वाटतं सगळं? प्राथमिकच्याही खाली उतरलास." त्यात केळीची कापणी आली, गाड्या भरायच्या होत्या. जीवरामभाऊ पुन्हा जळगावचा जिना चढले.

सोनवणे जणू वाटच पाहत होते. नमुना घरातल्या अनुभवावरून त्यांनी एक नवीन पातळी तयार केली होती. तिचं नाव 'पदव्युत्तर'. तीत वृद्धाच्या खोलीत एक जिवंत माणूस बसवण्यात येई. तो पाणी देई, पाय चेपी, कूस बदली. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत तिला एवढी मागणी आली की माणसं पुरेनात. जीवरामभाऊंनी ती तिथल्या तिथे घेतली आणि मायच्या खोलीत निंबा नावाचा एक चांगला, प्रेमळ, मध्यमवयीन माणूस आला. जीवरामभाऊंची खाट पुन्हा पुढे गेली.

एक अडचण फक्त निघाली. धुरपदाबाई निंबाला पाणी मागत नसत. त्या म्हणत, "जीवरामले बोलाव." निंबाची हाक पुढे पोचेना, भिंती पक्क्या होत्या. सोनवणेंनी येऊन बटणावरची चिकटपट्टी काढून दिली. आता माय हाक मारते, निंबा बटण दाबतो, आणि दिवाणखान्यात भजनाची चाल सुरू होते. सगळे हातातलं काम तसंच धरून, मान किंचित वाकडी करून बसतात.

वाचकहो, आपणही आता आरामात बसून हे वाचत असाल. आणि आतल्या खोलीतून कुणीतरी बोलावल्यासारखं मघाशी वाटलं असेल. उठू नका. आपोआप असेल तर आपोआप थांबेल.

थांबलं ना? झालं तर मग.